मागच्या सीटवर अब्बा

अमरावतीच्या राजापेठेत थंडी आल्याचं आधी कळतं ते ट्यूशनला जाणाऱ्या मुलींच्या कानांवरून. ऑक्टोबरच्या उन्हासाठी तोंडाला गुंडाळलेल्या ओढण्या एक दिवस कानांवर घट्ट ओढून घेतलेल्या दिसतात, गाडीच्या हँडलवर हातमोजे येतात, आणि चहाच्या टपरीवरची माणसं सावली सोडून उन्हात येऊन उभी राहतात. रस्त्याच्या कडेला स्वेटरांचे ढीग पडतात. दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. आठ महिने भाजून निघालेल्या वऱ्हाडातल्या माणसाला हा ऋतू बक्षिसासारखा वाटतो. मलाही वाटायचा. आता चार वर्षं झाली, थंडी पडली की मी गॅलरीचं दार लावून घेते आणि घरातले म्हणतात, हिला हिवाळा मानवत नाही.

चार वर्षांपूर्वी अशाच एका डिसेंबरात मी माझ्या वडिलांना, अब्बांना, मेळघाटात फिरायला घेऊन गेले होते. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली सुट्टी. फिरायला म्हणून ते कधी कुठे गेलेच नव्हते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांना पोचवलं. अकोल्याच्या स्टेशनवर त्यांचा टांगा होता.

त्या टांग्याचा वास मला अजून येतो. ओलं गवत, घोडीचा घाम, बुडाखालच्या पोत्याचा कुबट वास आणि अब्बांच्या खिशातली लवंग. घोडी तांबडी होती, कपाळावर पांढरा ठिपका. तिचं नाव मैना. रविवारी सकाळी अब्बा तिला मोर्णा नदीच्या पात्रात धुवायला न्यायचे आणि मला तिच्या पाठीवर बसवायचे. पाणी अंगावरून निथळताना तिची कातडी थरथरायची, ती थरथर माझ्या पायांना कळायची. अब्बा तिच्याशी सतत बोलत असायचे. माणसांशी त्यांचं बोलणं कमी. आमच्या घरात हिंदी चालायची, पण अब्बांचं बालपण हिवरखेडच्या शेतांमध्ये गेलेलं, त्यामुळे मनातलं काही बोलायचं झालं की ते वऱ्हाडीवर यायचे. मैनेशी ते कायम वऱ्हाडीच बोलले.

टांग्यात कोण कुठे बसणार, हे ते ठरवायचे. मागं जास्त वजन झालं की टांगा उलाळ होतो, दांड्या वर उचलल्या जातात आणि घोडीच्या पोटाचा पट्टा आवळतो. पुढं जास्त झालं की सगळा भार तिच्या पाठीवर. "मामी, तुमी पुढं या. भाऊ, तुमी ते पेटी घेऊन मांगं बसा." लठ्ठ माणूस रागावला तरी अब्बा हलायचे नाहीत. तोल साधला की मगच लगाम हातात घ्यायचे. चाबूक टांग्याला खोचलेला असायचा, पण तो वापरलेला मी कधी पाहिला नाही. त्याच्या टोकाला अम्मीनं लाल गोंडा बांधून दिला होता.

मी चौथीत असताना एका उन्हाळ्यात शाळेतून घरी आले तर खुंटा रिकामा होता. टांगा अंगणात, दांड्या जमिनीला टेकवून वाकलेला. अब्बा ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "मैना कुठी हाय?"

"मेळघाटात देली तिले," ते म्हणाले. "तथी जंगल हाय, हिरवं गवत हाय. अथी तिले ऊन सोसत नव्हतं."

मी रडले, आणि मग लगेच आनंदले. माझी घोडी जंगलात गेली होती. मी वहीत तिची चित्रं काढली. डोंगर, सागाची झाडं आणि मध्ये तांबडी मैना. मैत्रिणींना सांगायचे की आमची घोडी वाघालासुद्धा भीत नाही. रात्री अब्बांना विचारायचे, आता ती काय करत असेल? अब्बा सांगायचे. आज नदीवर गेली असन. आज तिले दुसरी घोडी भेटली असन. काही महिन्यांनी टांगा विकला गेला आणि अब्बा डाळ मिलच्या फाटकावर चौकीदार म्हणून बसू लागले. मी मोठी झाले, विचारणं थांबवलं. पण मेळघाट हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर वाघ यायच्या आधी ती तांबडी पाठ यायची. तिशी उलटल्यावरही, मराठीची शिक्षिका होऊन वर्गात उभी राहिल्यावरही.

मेळघाटात गेलो त्या वर्षीच्या पावसाळ्यात अम्मी गेली. अब्बांना अकोल्यात एकट्यानं ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी त्यांना अमरावतीला आणलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते खुर्ची टाकून बसायचे. खाली दिवसभर दुचाक्या, हॉर्न, क्लास सुटल्याचा गलका. ते पाहायचे, पण त्यात त्यांना काही दिसत असेल असं वाटायचं नाही. जेवायला बोलावलं की यायचे, ताटातलं संपवायचे, परत खुर्चीत. माझे यजमान त्यांना पेपर वाचून दाखवायचे, ते मान हलवायचे. एके दिवशी मी म्हणाले, "अब्बा, नाताळची सुट्टी लागली का आपण मेळघाटात जाऊ."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कायले?" एवढंच म्हणाले.

"जंगल पाहू. तुम्ही सांगत होते न मले लहानपणी."

ते नाही म्हणाले नाहीत. मी त्यालाच होकार समजले. आज वाटतं, त्या पाहण्यात एक विनंती होती आणि ती मला वाचता आली नाही.

परतवाड्याहून पुढे घाट लागला तसा बसमध्ये गारवा शिरला. अब्बांनी मफलर कानांवर घेतला. धारणीच्या रस्त्यावरच्या एका लहान गावात आम्ही उतरलो. तिथून राष्ट्रीय उद्यानाचं एक फाटक जवळ होतं. सकाळी जिप्सीनं जायचं ठरवलं होतं, पण अब्बांची कंबर धक्के सोसणारी नव्हती. फाटकाशी चौकशी करत असताना मला घोड्याच्या खुरांचा आवाज आला. गावकऱ्यांनी त्या हिवाळ्यात दोन टांगे सुरू केले होते. फाटकातून आत, मातीच्या रस्त्यानं नाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. म्हाताऱ्या माणसांसाठी, लहान मुलांसाठी.

मला झालेला आनंद काय सांगू. अब्बांना टांग्यातून जंगल दाखवायचं. हे जणू माझ्यासाठीच कोणीतरी मांडून ठेवलं होतं.

टांगेवाला बाबुलाल, तिशीतला कोरकू आदिवासी माणूस, अंगात जुनं लष्करी रंगाचं जॅकेट. घोडा पांढुरका, नाव हिरा. अब्बा टांग्याकडे गेलेच नाहीत, सरळ घोड्याकडे गेले. त्याच्या मानेवर हात ठेवला, मग एकेक पाय उचलून नाल पाहिले, मग पाठीवरच्या गादीखाली बोटं घातली. घोड्यानं कातडी आक्रसली.

"इथं लागून राह्यलं त्याले," अब्बा म्हणाले. "रुपयाएवढी जखम हाय. गादीत नवा कापूस भर आन् तेवढ्या जागेले भोक ठेव. टेकलं नाही पाह्यजे."

बाबुलाल आधी जरा बिचकला. मग म्हणाला, "बाबा, आपका घोडा था क्या?"

"होता," अब्बा म्हणाले.

फाटकावरचा वाटाड्या बाबुलालच्या शेजारी बसला. आम्हा दोघांना मागची सीट होती, मागे पडणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून, घोड्याकडे पाठ. अब्बा पायदानावर पाय ठेवून थबकले. मला वाटलं त्यांना चढता येत नाही, म्हणून मी हात दिला. ते बसले, दोन्ही हातांनी बाजूचा दांडा धरला आणि टांगा निघाल्यावर म्हणाले, "मी अथी कधीच बसलो नाई, बेटा."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वीस वर्षं टांगा हाकलेला माणूस टांग्याच्या मागच्या बाजूला पहिल्यांदा बसला होता.

रस्ता आमच्या पायांखालून निघून मागे मागे जात होता. दोन्हीकडे साग, त्याची ताटाएवढी वाळकी पानं, काही अजून झाडावर, काही चाकाखाली कुरकुरणारी. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांत धूळ हळूहळू खाली बसत होती. मधूनच एखाद्या वळणावर गार हवेचा झोत यायचा आणि त्यात ओल्या मातीचा, कुजणाऱ्या पानांचा वास. एक मोर रस्ता ओलांडून गेला तो आम्हाला दिसला तेव्हा अर्धा झाडीत शिरलेला होता. थोड्या वेळानं सांबराची मादी दिसली, तीही पाठमोरी.

"माह्या सवाऱ्या जिंदगीभर असंच पाहात आल्या काय?" अब्बा म्हणाले. "समोरचं काईच दिसत नाई. गेल्यावरच दिसते सारं."

मी हसले. मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. त्या फोटोत ते हसत नाहीत, हे मी नंतर पाहिलं.

नाल्याच्या अलीकडे घोडा थांबला. बाबुलालनं जीभ वाजवली, लगाम हलवला, पण हिरा पुढे पाऊल टाकेना. वरच्या झाडावरून माकडानं खोकल्यासारखा आवाज काढला. वाटाड्या हलक्या आवाजात म्हणाला, बोलू नका. घोडा मागे सरायला लागला. आमचं चाक रस्त्याच्या कडेवरून घसरलं, टांगा कलला आणि मी अब्बांचा दंड धरला. खाली नाल्याचे दगड दिसत होते. बाबुलालनं चाबूक वर उचलला.

"मारू नको त्याले," अब्बा म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. ते वळले, सीटच्या पाठीवरून हात पुढे टाकून त्यांनी बाबुलालच्या हातातला लगाम धरला, ओढला नाही, सैल सोडला. आणि बोलायला लागले. "काई नाई, बापा. काई नाई. मी हाय न अथी. उभा राय. नको जाऊ पुढं, कोण म्हनते जाय म्हनून. उभा राय फक्त." मीही मान वळवून पाहिलं, घोड्याचे कान एकदा मागे आले, पुढे गेले, परत मागे आले. त्याच्या पाठीची थरथर हळूहळू कमी झाली. समोरून रानगव्यांचा कळप नाल्यात उतरला, काळेभोर अवाढव्य प्राणी, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. आमच्याकडे न बघता ते पलीकडे चढले. बाबुलालनं खाली उतरून चाक रस्त्यावर घेतलं. मग अब्बांनी लगाम त्याच्या हातात परत दिला.

टांगा परत वळला. मला त्यांचा अभिमान वाटत होता. मी म्हणाले, "अब्बा, मैना असती तर ती भ्याली नसती. नाई का? तिले तर तुमी अथीच कुठंतरी देलं होतं."

ते मागे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत होते.

"अथी नोती आली ते," ते म्हणाले. "अकोल्यातच मेली, पुलाच्या चढावर."

चाकाचा आवाज येत होता.

"स्टेशनासमोर रिक्षे उभे राहाले लागले होते. एक रिक्षेवाला मले रोज चिडवे. त्या दिवशी सवारी त्याच्याकडून माह्याकडे आली, तं रिक्षेवाला तिले म्हणे, बसा, संध्याकाळपर्यंत पोचान. लोकं हासले. मले झोंबलं ते. मैना दोन दिवसांची खोकून राह्यली होती, मले मालूम होतं. तरी मी तिले पळवली. भर उन्हात. रिक्षा बाजूनं जाये आन् तो हासे." अब्बा थांबले. "मी चाबूक काढला. पह्यल्यांदा. चढावर ते गुडघ्यावर आली. मी खाली उतरून मारलं तिले, उठ म्हणून. सवारी म्हणे, नका मारू. मी ऐकलं नाई. ते उठली बी एकदा. माह्याकडे पाह्यलं तिनं. मंग पडली."

बाबुलाल पुढे बसून ऐकत असणार. त्यानं मान वळवली नाही.

"तू शाळेतून आली तवा मले सांगता नाई आलं. तोंडातून मेळघाट निघालं. मंग तू लय खुश होती त्या गोष्टीत. रोज विचारे."

यावर मुलीनं काय करायचं असतं? सत्तरी ओलांडलेल्या, बायको नुकतीच गेलेल्या बापाचा हात हातात घ्यायचा असतो. मी वर्गात मुलांना असे प्रसंग समजावून सांगते, पात्राच्या मनात काय चाललं असेल ते लिहा म्हणते. पण त्या टांग्यात मी चौथीतली मुलगी झाले. माझ्या सगळ्या चित्रांमधलं जंगल रिकामं झालं. मला दिसत होता लाल गोंड्याचा चाबूक. आणि मी म्हणाले, "आता कशाला सांगितलं मग? नसतं सांगितलं तर काय झालं असतं?"

फाटकाशी उतरताना त्यांनी बाबुलालचा फोन नंबर आपल्या साध्या फोनमध्ये टाकून घेतला. मला त्याचाही राग आला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत बसले. घरी आल्यावर सगळं पूर्ववत झालं, म्हणजे तसं दिसत होतं. मी त्यांना औषधं देत होते, पाणी तापवून देत होते, गॅलरीतल्या खुर्चीवर उशी ठेवत होते. बोलत मात्र नव्हते. भांडण असतं तर मिटलं असतं, पण भांडण नव्हतंच. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर आले होते. संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर गठ्ठे मांडून बसायचे आणि लाल पेन खाली ठेवायचे नाही. राग दहा-पंधरा दिवसांत ओसरला होता. उरला होता तो संकोच. विषय काढायचा कसा? रविवारी काढू, पेपर झाले की काढू, ऊन जरा वाढलं की त्यांना बागेत नेऊ आणि तिथे काढू, असं म्हणत मी जानेवारी घालवला.

फेब्रुवारीत एका दुपारी, नमाज झाल्यावर, अब्बा गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी शाळेत सातवीला शब्दांच्या जाती शिकवत होते. घरी पोचले तेव्हा शेजारच्या बायका आल्या होत्या आणि अब्बांच्या अंगावर चादर घातली होती. त्यांच्या अंगाला अजून ऊन लागलेलं होतं. मी हात ठेवला तेव्हा खांदा गरम होता, आणि क्षणभर मला वाटलं की आता बोलता येईल.

माणूस गेल्यावर लोक येतात आणि चांगलं बोलतात. तुम्ही किती केलं त्यांचं, शेवटी फिरवूनसुद्धा आणलंत, असं मला अनेकांनी सांगितलं. मी मान हलवायचे. माझ्या यजमानांनाही टांग्यातलं बोलणं मी सांगितलं नाही. त्यात अब्बांची चूक सांगावी लागली असती. आणि माझीही.

मैनेला मारणाऱ्या माणसाला मी कधी माफ केलं, ते मला सांगता येणार नाही. बहुधा त्या नाल्याशीच केलं असावं, गोष्ट ऐकायच्या आधीच, जेव्हा ते म्हणाले मारू नको त्याले. तो आवाज तीस वर्षं झुरलेल्या माणसाचा होता. पण मला तेव्हा तो नुसता शूर वाटला.

यंदा शाळेची सहल मेळघाटात गेली. मी टाळत होते, पण सोबत जाणाऱ्या शिक्षकांच्या यादीत नाव लागलं. तेच गाव, तेच फाटक. मुलं जिप्सींमध्ये बसून गेली आणि मी बाहेर बाकावर थांबले. टांगा एकच उरला होता. बाबुलालनं मला ओळखलं. केस थोडे पांढरे झालेत त्याचे. त्यानं काही विचारायच्या आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा नहीं रहे न? उनका फोन बंद हुआ, तभी मैं समझा."

"तुम्हाला फोन करायचे?"

"हर जुम्मे को." दर शुक्रवारी, दुपारी. हिराची जखम कशी आहे, गादीत कापूस भरला का, पाणी गार देऊ नको, असं सांगायचे. त्यानं मला घोड्याची पाठ दाखवली. तिथे आता नवे केस आले होते, जरा अधिक पांढरे.

मी बाकावर परत बसले. तोही जरा अंतर ठेवून बसला.

"एक बार मैंने पूछा, बाबा, बेटी का गुस्सा गया क्या? मैं तो उस दिन सब सुन रहा था न." बाबुलाल बोलता बोलता अब्बांच्या बोलीवर आला, त्यांचा आवाज काढावा तसा. "तर म्हणे, बोलत तर नाई अजून. पर मी तुरीच्या शेंगा उकडून तिच्या पेपरांपाशी ठेवतो, ते खाते. मान वर करत नाई, पर खाते. म्हणजे राग उतरून राह्यला, बाबुलाल."

मला त्या शेंगा आठवल्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, वाफ निघणाऱ्या, निळ्या काठाच्या वाडग्यातल्या. मी पेपरावर नजर ठेवून एकेक सोलत असायचे आणि टरफलं बाजूला पडत जायची. वाडगा कोण ठेवून जातं, हे मला माहीत होतं. तरी एकदाही वर पाहिलं नव्हतं.

"तो फिर, उतरा था क्या गुस्सा?" बाबुलालनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "केव्हाच."

"बताया उनको?"

जंगलातून जिप्सी परत येत असल्याचा आवाज आला. मुलांचा गलका जवळ येत होता. बाबुलाल बादली उचलून घोड्याला पाणी दाखवायला गेला.